खाल्ल्याशिवाय माप नाही

परभणी जिल्ह्यात काटकोन फक्त भूमितीच्या पुस्तकात सापडतो, असं सरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी शाळेत असताना बनवलेलं नव्हतं. शाळेत तर ते आम्हाला काटकोनच काढायला लावत आणि एक अंश इकडंतिकडं झाला तर वही परत करत. निवृत्तीनंतर ते माझ्याबरोबर लोकांच्या स्वयंपाकघरांत ओट्यांची मापं घ्यायला यायला लागले, आणि एकेका भिंतीला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघता बघता त्यांचं हे मत झालं. "एका कोपऱ्याला पास करता येणार न्हाई," असं ते म्हणत. "ग्रेस देऊन सुद्धा न्हाई."

माझा धंदा जुन्या ओट्यावर नवा ओटा बसवायचा. आपल्याकडं घरोघर काळ्या कडप्प्याचे ओटे. वीस-पंचवीस वर्षांत त्यांची पार रया जाते. तेल पिऊन डाग पडतात, कडा उडतात, मधोमध भेग जाते आणि त्या भेगेत पीठ साठून मुंग्या होतात. तो फोडून नवा करायचा म्हटलं की घरभर धूळ, गवंड्याच्या विनवण्या, आणि घरातल्या बाईनं तेवढे दिवस अंगणात चूल मांडायची. मी जुना ओटा फोडत नाही. तो घासून, सपाट करून वर क्वार्ट्झची पातळ लादी चिकटवतो. हा खाणीतून निघालेला दगड नव्हे; दगडाचा चुरा आणि राळ एकत्र दाबून कारखान्यात केलेला. सकाळी काम धरलं की संध्याकाळी ओटा नवा. दुकानाच्या पाटीवर मी "तोडफोड नाही, एका दिवसात" असं लिहून घेतलंय, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं.

सर माझ्याकडं आले ते गिऱ्हाईक म्हणून. राणीसावरगावच्या शाळेत आठवी-नववीला त्यांनी मला गणित शिकवलेलं. परभणीतल्या माझ्या दुकानात आले, मला ओळखलं, दोन गिऱ्हाइकांसमोर माझे नववीचे मार्क सांगितले आणि मग ओट्याचं बोलले. मी त्यांच्या घरी जाऊन टेप लावली, लांबी-रुंदी लिहून घेतली आणि निघालो. सर म्हणाले, "आणि कोन?"

"नव्वदच असतो, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खाकी कागदाची मोठी गुंडाळी घेऊन दुकानात हजर. वह्यांना कव्हर घालायचे कागद खळीनं एकमेकांना चिकटवून त्यांनी आपल्या ओट्याचा हुबेहूब नमुना कापला होता. माझ्या मापाशी तो ताडून बघितला तर एका टोकाला दोन बोटं फरक. "नव्वद असतो म्हणालास," सर म्हणाले. "नववीतही असंच म्हणायचास."

त्यानंतर ते रोज साडेदहाला दुकानात येऊ लागले. मी त्यांना बोलावलं नव्हतं आणि त्यांनीही येऊ का म्हणून विचारलं नव्हतं. पांढरा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत शाळेतल्या पोरांकडं असते तसली पत्र्याची कंपास. महिन्याभरात अशी वेळ आली की मी एकटाच माप घेऊन आलो तर कारागीर विचारायचे, "सर न्हाई आले संगं? मग लादी कापू का थांबू?"

कारागिरांवर त्यांचा चांगलाच वचक होता. क्वार्ट्झ कापताना जी बारीक धूळ उडते ती छातीत गेली की परत येत नाही, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून पात्यावर पाण्याची धार सोडल्याशिवाय ते मशीन चालू करू देत नसत. उन्हाळ्यात आमच्या भागात नळ आठ-आठ दिवस येत नाही, तर सर घरून दोन कॅन भरून आणत. त्यांच्या बायकोनं एकदा मला ऐकवलं, "आमच्या झाडांला पाणी न्हाई, आन् तुमच्या दगडाला आंघोळी." सर शेजारीच उभे होते. त्यांनी कॅनचं झाकण घट्ट केलं आणि निघाले.

पण सरांचा खरा विक्षिप्तपणा माप घेताना दिसायचा. गिऱ्हाइकाच्या घरी पुरुषांशी ते ओट्याबद्दल एक शब्द बोलत नसत. मालक कौतुकानं सांगायला लागला की इथं असं पाहिजे, तिथं तसं पाहिजे, तर सर विचारायचे, "तुमच्या हाताला शेवटचा चटका कधी बसला?" मालक हसून बाजूला व्हायचा. मग घरातल्या बाईला म्हणायचे, "ताई, या ओट्यावर काहीतरी करा आणि मला खायला द्या. खाल्ल्याशिवाय मी माप घेत नसतो."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांना वाटायचं, हा म्हातारा उपाशी आहे की काय. सर अजिबात खादाड नव्हते. घरच्या डब्यातली अर्धी पोळी रोज कारागिरांना जायची. पण इथं त्यांना भाकरी लागायची, पोहे लागायचे, निदान फोडणीचा भात तरी. चहा चालायचा नाही. "चहाला ओटा लागत न्हाई, नुसता गॅस लागतो," असं त्यांचं म्हणणं. बाई करत असायची तोवर सर कोपऱ्यात खाकी कागद धरून उभे. कागदाच्या कडेला लाल पेनानं लिहायचे: "पीठ डाव्या हाताला ठेवतात." "तवा उतरवून उजवीकडं. तिथं लाकडी फळी द्यावी." "उजवा गुडघा दुखतो, ओट्याला टेकून उभ्या राहतात." मग तिथंच उभ्यानं खायचे, ताट स्वतः धुवायचे आणि त्यानंतर टेप काढायचे.

त्याचा उपयोग व्हायचा, हे मला लवकरच कबूल करावं लागलं. क्वार्ट्झला कडकडीत तवा चालत नाही. त्यातली राळ भाजते आणि कायमचा डाग पडतो. कडप्प्यावर आयुष्यभर तवा आदळलेल्या बाईला हे पटवणं म्हणजे महाकर्मकठीण. मी छापील सूचनांचा कागद द्यायचो, तो बायका फडताळात मसाल्याच्या डब्यांखाली अंथरायच्या. सर खाता खाता सांगायचे, "ताई, हा दगड शिकलेला हाय, पण उन्हातान्हात वाढलेला न्हाई. चटका सोसत न्हाई त्याला." ते मात्र त्यांच्या पक्कं ध्यानात राहायचं.

आता सर मुलीकडं नागपूरला असतात. फोनवर अजून विचारतात, "कोन मोजला का?"

त्यांची आणखी एक सवय सांगायची राहिली, आणि खरं तर मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. कुणाच्याही घरी आत जाण्याआधी सर दारात आपली ओळख द्यायचे. नुसतं नाव नाही. नाव, आडनाव आणि गाव. सर झरीकडच्या बौद्ध कुटुंबातले. आमच्याकडं आडनाव आणि गाव एवढं सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. तेवढं सांगून ते चपला न काढता थोडा वेळ थांबायचे. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभे राहायचे तसे. परभणीत बहुतेक घरी कुणाचं लक्षसुद्धा जात नसे. खेड्यात मात्र त्यांचं ते थांबणं मला फार लांबल्यासारखं वाटायचं.

मी एकदा म्हणालो, "सर, कशाला सांगता? कुणी विचारत पण नाही."

"पाहुण्यानं आधी ओळख द्यावी, मग चप्पल काढावी," सर म्हणाले. "उलटं केलं की दोघांची बी पंचाईत होती."

मला ते पटलं नाही. सरळ सांगायचं तर मला धंद्याची भीती होती, आणि ती एकदा खरीही झाली. सेलूकडच्या एका गावात मोठं घर होतं, दोन स्वयंपाकघरं, दोन्ही ओटे करायचे. सरांनी दारात ओळख दिली आणि थांबले. मालक मोठा आदबशीर माणूस. म्हणाला, "सर, तुम्ही इथं बैठकीत निवांत बसा. तुम्ही कशाला तसदी घेता? माप मीच आतून मोजून आणतो." आणि खरंच टेप घेऊन आत गेला आणि कागदावर आकडे लिहून घेऊन आला. सरांनी कागद नीट वाचला, घडी केली आणि त्याला परत दिला. "छान मोजलंय," म्हणाले. "आता लादी बी तुमीच बसवा."

परतताना टेम्पोत मी धुमसत होतो. सर फुटाणे खात होते. न राहवून मी म्हणालो, "आकडे तर हातात आले होते, सर. काय बिघडलं असतं?"

"ओटा चुकला असता," सर म्हणाले. एवढंच.

उलटंही व्हायचं. वालूरला एका म्हातारीच्या दारात सर असेच ओळख देऊन थांबले, तर ती आतून ओरडली, "तिथंच काय हुबे राहिलाव? ओटा काय दारात आणून दावू का?" तिनं थालीपीठ लावलं, आणि लावताना ती पाटावर उभी होती हे सरांनी बघितलं. ओटा सासऱ्यानं बांधून घेतलेला, गवंड्याच्या उंचीनं. "किती वर्षं झाली पाटावर?" सरांनी विचारलं. "लगीन झाल्यापून," ती म्हणाली. "दोनदा पडले बी." आमची लादी बसली की ओटा आणखी पाऊण इंच वर जातो. सर मला म्हणाले, "इथं आपलं काम न्हाई. हा फोडून दोन विटा खाली घ्यायचा." म्हणजे माझ्या पाटीच्या बरोबर उलटं. मी त्यांना बाजूला घेऊन बरंच समजावलं. सरांनी लाल पेनानं कागदावर आडवी रेघ मारली. शेवटी गवंडी लावून ओटा फोडला, खाली घेतला, मग लादी बसवली. म्हातारीनं जाताना सरांना तो पाट देऊन टाकला. बरेच दिवस तो दुकानात होता, सर त्यावर पाय ठेवून बसायचे.

माझी आई राणीसावरगावलाच असते. वडील गेल्यापासून एकटीच. तिचा ओटा मी प्राथमिक शाळेत असताना बांधलेला, त्यात मधोमध भेग. "गावोगाव लोकांचे ओटे करत फिरायलास," ती म्हणायची, "आन् माज्या ओट्यात मुंग्या." हे सरांच्या कानावर गेलं. त्यांनी एकदा विचारलं, "आईचा ओटा कधी करायचा?" मी म्हणालो, बघू. काही दिवसांनी पुन्हा विचारलं.

सर आमच्या घरी पूर्वी आले होते. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा वडिलांनी नववीनंतर बंद केली तेव्हा सर ओळीनं तीन दिवस संध्याकाळी येऊन बसले. ओसरीवर बसायचे, वडिलांशी बोलायचे, चहा घ्यायचे, जायचे. तिसऱ्या दिवशी वडील हो म्हणाले. ताई आज नर्स आहे, आणि तिच्या नोकरीचं मूळ त्या तीन संध्याकाळींत आहे हे आमच्या घरात सगळे मानतात. पण ओसरीच्या आत सर कधी आले नव्हते. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सर, आई जरा जुन्या वळणाची आहे. तिचं आपलं अजून..."

वाक्य पुरं करावं लागलं नाही. सर कागद कापत होते. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला त्या दिवशी हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. गावात भावकी आहे, चुलते आहेत. परभणीत सरांबरोबर एका डब्यात जेवणारा मी, गावच्या वेशीत शिरलो की दुसराच व्हायचो.

आईच्या ओट्याचं माप मीच घेतलं. ती एका लग्नाला परगावी गेली होती, त्या दिवशी. गुण्या लावून कोन मोजला, खाकी कागद कापला. सरांनी शिकवलेलं सगळं केलं, फक्त खाल्लं नाही. खायला घालणारी घरात नव्हती. दिवाळीच्या आधी लादी बसवली. पांढरी, करड्या ठिपक्यांची. कोपरा असा जुळला की मी मोबाइलवर फोटो काढून घेतले. आईनं लादीवरून हात फिरवला. "लय गुळगुळीत झालंय," म्हणाली. मी खुशीत परभणीला आलो.

चौथ्या दिवशी तिचा फोन. "खिडकी उघडंना गेली."

ओट्याच्या मागं, गल्लीच्या बाजूला, एक बुटकी लाकडी खिडकी आहे. तिची झडप आत, ओट्यावर उघडते. मी माप घेतलं तेव्हा ती बंद होती. लादी बसवताना धूळ गल्लीत जाऊ नये म्हणून मीच ती लावून घेतली होती. ओटा पाऊण इंच वर आला आणि झडप दगडाआड अडकून बसली. इतक्या घरी ओटे केले, ही चूक एकदाही झाली नव्हती. कशी होणार? भाकरी करणारी बाई खिडकी उघडल्याशिवाय तवा ठेवत नाही, आणि सर ते बघत उभे असायचे.

दुसरी एखादी खिडकी असती तर निभावलं असतं. गल्लीपलीकडं आईची चुलत जाऊ राहते. तिच्या नवऱ्याचं आणि माझ्या वडिलांचं बांधावरून बिनसलं, बोलणं बंद झालं. वडील गेल्यावर तो अबोला वारसाहक्कानं माझ्याकडं आला. पण या दोघींचा कारभार त्या खिडकीतून सुरळीत चालू होता. रोज सकाळी इकडची भाजीची वाटी तिकडं, तिकडची इकडं. एकमेकींच्या दारात पाय ठेवायची सोय नव्हती, खिडकीला मात्र कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. आता ती अचानक बंद झाली, तीही नवा ओटा झाल्यावर. दोन दिवस जाऊ वाटी घेऊन आली, बाहेर उभी राहिली आणि परत गेली. आईनं आतून हाका मारल्या, पण जावेला कमी ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. "तिला वाटलं, म्या मुद्दाम लावली," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. वडील गेले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती.

मी त्याच दिवशी गेलो. लादी उखडायची तर ती फुटणार आणि खालचा कडप्पाही तिच्याबरोबर जाणार. गावचा सुतार म्हणाला, झडप फोडून काढतो, पण चौकट जुनी आहे, राहील का जाईल सांगता येत नाही. मी ओट्यापुढं नुसता उभा राहिलो.

"तुज्या सरांला आण," आई म्हणाली. "त्यांला काय तरी सुचंल."

"सर इथं? आत कसं आणू?"

"कसं म्हंजी?"

"तुला चालंल का?"

"तवा त्यांला आत बोलवलं न्हाई, खरं हाय. तुजी आजी होती, तुजा बाप होता, माजं कोण ऐकत होतं? आता या घरात मी एकलीच हाय. तू मला इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. तिचं नाव मात्र पुढं केलं होतं. सेलूकडच्या त्या मालकाला मी नंतर मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो. तो निदान स्वतःच्या तोंडानं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना खिडकीचं सांगितलं आणि आईनं बोलावलंय म्हणालो. आई नव्या वळणाची कधी झाली, हे सरांनी विचारलं नाही. कंपास पिशवीत टाकली आणि गाडीत येऊन बसले. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. तासाभरात सर आणि आई एका खोलीत असणार होते आणि माझं खोटं त्या दोघांच्या मध्ये. आधीच सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. गंगाखेड गेलं, पुढचे फाटे गेले, घर आलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

आमच्या दारातही सरांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबले. आई पदर सावरत बाहेर आली.

"माजी पोरगी तुमच्यामुळं नोकरी करायलीय," ती म्हणाली. "या घरात तुमचं नाव कुणाला सांगायलाव, सर? या आत."

सरांनी चपला काढल्या आणि ओसरी ओलांडून आत गेले. मी मागून.

आईनं परात घेतली. सर नेहमीसारखे कोपऱ्यात कागद धरून उभे राहिले. भाकरी थापता थापता आई मधूनच मान वर करून बंद खिडकीकडं बघत होती, सवयीनं. मी जन्मापासून तिला भाकरी करताना बघत आलोय, मला हे कधी दिसलं नव्हतं. तव्यावरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असं ताट तिनं सरांच्या हातात दिलं. सर ओट्याशी उभे राहून खायला लागले.

"ताई," ते खाता खाता म्हणाले, "तुमी जुन्या वळणाच्या हाव असं ऐकलं होतं."



"कुणी सांगितलं?" आईनं विचारलं.

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडं बघितलं नाही. "लोक बोलतेत," म्हणाले. "गाव म्हणल्यावर लोक बोलणारच."

"लोकांला काय उद्योग," आई म्हणाली, आणि दुसरी भाकरी वाढली.

ताट धुऊन झाल्यावर सरांनी खिडकीच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं. मग मी बोलावून घेतलेल्या सुताराला म्हणाले, "पिना वर ठोकून काढ. झडप वरून आत कलव, खालून आपोआप सुटती. मग खालून बोटभर रंधून परत बसव. फट राहील तिला बाहेरून पट्टी मार. दगडाला हात लावायचा न्हाई." तासाभरात खिडकी उघडली. आईनं गल्लीतल्या एका पोरीला पलीकडं पाठवलं. बऱ्याच वेळानं जाऊ आली, हातात रिकामी वाटी.

"आज भाजी न्हाई केली म्या," ती म्हणाली. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता.

"मग माजी घे," आई म्हणाली. "आन् ऐक, कसं झालं त्ये सांगते." सर आणि मी बाहेर आलो तरी त्या दोघी बोलतच होत्या.

परत येताना गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. इंजिन बंद करून मी म्हणालो, "सर, आई तसं काही म्हणाली नव्हती. ते मीच..."

"माहीत हाय," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"तू म्हणालास तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या ताईच्या शाळेसाठी मी तीन दिवस येत होतो," सर म्हणाले. "चहा रोज तूच आणायचास. मी हात पुढं करायचो आणि तू कप खाली फरशीवर ठेवायचास. तिसऱ्या दिवशी तुझ्या बापानं तुला टोकलं बी, म्हणाला, सरांच्या हातात दे. तरी तू खालीच ठेवलास. तुला कुणी शिकवलं होतं, मला ठाऊक न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मला यातलं काहीच आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. दाराआड उभी राहून रडणारी ताई आठवते, सरांचा पांढरा शर्ट आठवतो, वडिलांनी शेवटी मान हलवली तेही आठवतं. कप आठवत नाही. पण सर अंदाजानं कधी बोलत नाहीत. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडं बघवेना.

पुढची गाडी हलली, तरी मी चावी फिरवली नाही. "तरी तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात?" मी विचारलं.

"पोरीच्या शाळेचं काम होतं," सर म्हणाले. "कप खालून उचलून प्यायलो."